गोंड्याचा कान

ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय टाळते, दुसरंच काहीबाही मागते आणि पटकन उठते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि आज सकाळपासून माझं कशात लक्षच लागत नाही. गिरणीत एकीच्या ज्वारीवर दुसरीचे गहू ओतले मी. दोघी हसल्या. मला हसूही आलं नाही.

जळकोटला घराला लागूनच आमची पिठाची गिरणी आहे. नवरा शेत बघतो, गिरणी मी चालवते. घरात तिसरं माणूस म्हणजे आक्का, माझ्या मोठ्या नणंदबाई. नवरा गेल्यावर ऐन तिशीत माहेरी परत आल्या, त्या इथल्याच झाल्या. मुलगी मधुरा पुण्याला नोकरीला. आणि चौथा — गोंड्या.

गोंड्या म्हणजे मधुराचं कुत्रं. कुठल्याशा परदेशी जातीचं, मांजराएवढं, अंगावर जमिनीला टेकणारे पांढरे केस. तिच्या घरमालकानं कुत्रं चालणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं ते आमच्याकडं आणून सोडलं. दळण घेऊन येणाऱ्या बायका म्हणायच्या, "हे कुत्रं हाय का लोकरीचा गुंडा?" जाताना मधुरानं एक मऊ तारांचा ब्रश दिला आणि दहादा बजावलं — आई, रोज विंचरायचं, नाहीतर केसांच्या गाठी होतात, कातडी ओढली जाते, त्याला दुखतं.

मी विंचरलं की! पहिल्याच दिवशी दोन गुडघ्यांत धरलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत सरासरा ओढलं. माझी सगळी कामं तशीच असतात, एकदा हातात घेतलं की उरकून मोकळं व्हायचं. ते असं किंचाळलं की गिरणीतली बाई धावत आली. माझ्या हातातून निसटलं आणि गिरणीच्या चाकामागं जाऊन बसलं. त्यानंतर ब्रश नुसता दिसला तरी त्याला जागच्या जागी मुतायला व्हायचं. मी चिडायचे. एवढ्याशा जनावराचा एवढा रुबाब?

मग आक्कांनी ते काम घेतलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, हातभर लांबचंही धुरकट दिसायचं, पण हात मात्र — काय सांगू. वाकळ शिवायला बसल्या की बोटांनी चाचपून टाका घालायच्या आणि टाका रेघेत पडायचा. दुपारी चारच्या सुमाराला गल्लीतल्या बायका पायरीवर वेणीफणीला बसतात, त्या वेळी आक्का गोंड्याला घेऊन बसायच्या. पहिले आठ दिवस त्यांनी ब्रश नुसता शेजारी ठेवला. त्यानं हुंगला की भाकरीचा तुकडा. मग ब्रशची उलटी बाजू पाठीवरून. मग एकदाच सुलटी, आणि लगेच तुकडा. गुंता लागला तर केस मुळाशी चिमटीत धरायच्या, म्हणजे ओढ कातडीपर्यंत जात नाही. पाय शेवटी, कान त्याहून शेवटी. दीड महिना लागला. नंतर नंतर चार वाजले की गोंड्याच तोंडात ब्रश धरून त्यांच्यापुढं यायचा.

मला ते बघवत नव्हतं. हो, हेच खरं आहे. कुत्र्यावरून कुणी जळतं का? पण मी जळत होते. कारण हे सगळं मी आधी एकदा बघितलं होतं. मधुरा लहान असताना तिचे केसही असेच दाट, आणि मी शाळेची घाई म्हणून फणीनं ओढायचे. पोरगी रडायची. एके दिवशी ती उठली आणि फणी घेऊन आत्याकडं गेली. त्यानंतर दहावीपर्यंत तिची वेणी आक्कांनीच घातली. गोंड्या शांत बसलाय हे फोनवर बघून मधुरा हसत म्हणाली, "आई, आत्याकडून शीक गं जरा." थट्टाच होती. मला ती सुईसारखी टोचली.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. दुपारच्या गाडीनं मधुरा येणार होती. आक्का सकाळीच बेंबळीला निघाल्या, नात्यातल्या एकीचं डोहाळजेवण होतं. निघण्याआधी गोंड्याच्या मागच्या पायाला दोन घट्ट गाठी लागल्या, त्या त्यांनी वाकळेच्या कातरीनं कापल्या आणि कातर कोनाड्यात ठेवली. त्या गेल्या आणि तासाभरात हे साहेब बांधावर हुंदडून आले — अंगभर कुसळं! पोटाला, काखेत, कानामागं. आमच्याकडं पावसाळा सरता सरता गवत वाळतं, तेव्हा लुगड्यातनं कुसळ काढताना जीव जातो, इथं तर सगळं अंगच केसांचं.

थांबता आलं असतं. संध्याकाळी आक्का येणारच होत्या. पण मला वाटलं, मधुरा दारात येईल तेव्हा हे कुत्रं माझ्या हातानं स्वच्छ झालेलं तिला दिसू दे. पोरीच्या डोक्याला लावायचे तसं वाटीभर करडईचं तेल घेतलं आणि त्याच्या अंगावर थापलं. म्हटलं, गुंता सुटेल. तेलानं केस कुसळांसकट चिकटले, वर गिरणीतलं पीठ बसलं, त्याचा लगदा झाला. मग मी ब्रश टाकून उवांची फणी घेतली. ते गुरगुरलं. मी जुन्या पातळाचा काठ फाडला आणि त्याचं तोंड बांधलं. ते डोळे मोठे करून माझ्याकडं बघत होतं, आवाज फक्त नाकातून येत होता. मी फणी ओढत राहिले. कानामागची गाठ सुटेना, तेव्हा कोनाड्यातली कातर काढली आणि कापली.

गाठीबरोबर कानाची कडही आली.

रक्त माझ्या मनगटावर आलं तेव्हा मी भानावर आले. हळद दाबली, तोंड सोडलं. ते पळालं नाही, चावलं नाही, तिथंच थरथरत उभं राहिलं. आणि अर्ध्या तासात मधुरा आली. तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "आई, काय झालं याला?"

मी काय करायला हवं होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. तिच्या तोंडून "तू माझेही केस असेच ओढायचीस" एवढं एक वाक्य ऐकायचं नव्हतं मला. बस, तेवढ्यासाठी. मी म्हणाले, "आक्का सकाळी गाठी कातरत होत्या. त्यांना कुठं दिसतंय आता. तेल मी लावलं, जखमेला." शेवटचं तेवढं निम्मंशिम्मं खरं.

संध्याकाळी आक्का आल्या. मधुरा ओरडली नाही, तिचा जीव आहे आत्यावर. त्यांचा हात धरून हळूच म्हणाली, "आत्या, आता कातर हातात घेऊ नका. गोंड्याचा कान कापला गेलाय." आक्का गोंधळल्या. "मागच्या पायाच्या दोन गाठी कातरल्या व्हत्या म्या," त्या म्हणाल्या. मग मी उभी होते त्या दिशेनं तोंड वळवून विचारलं, "कानाची बी म्याच कातरली का गं, सुमन?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. धुरकट डोळ्यांच्या माणसाला दुसऱ्याला विचारूनच खात्री करावी लागते, आणि त्यांनी ती माझ्याकडं मागितली.

मी म्हणाले, "व्हय."

आक्कांनी दोन्ही हात डोळ्यांजवळ नेऊन बघितले. बराच वेळ. रडल्या वगैरे नाहीत. दुसऱ्या दिवशी चार वाजता गोंड्या ब्रश घेऊन त्यांच्यापुढं आला, तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतले. तो वाट बघत बसला, मग ब्रश तिथंच टाकून गेला. असं आठ-दहा दिवस चाललं. अर्धी झालेली वाकळ त्यांनी घडी करून ट्रंकेत टाकली आणि सुया शेजारणीला देऊन टाकल्या. "माझ्या हाताचा काय भरोसा," म्हणायच्या. भाजीसुद्धा चिरत नव्हत्या. रोज एकदा मात्र विचारायच्या, "भरली का गं जखम?" भरली म्हटलं तरी उद्या परत.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मला तोंड उघडायला एकही क्षण मिळाला नाही, असं कसं म्हणू? रोज मिळाला. गोंड्याचे केस आता दर दोन महिन्यांनी सोलापूरला नेऊन मशीननं काढतो. ब्रश कोनाड्यात आहे.

गेल्या महिन्यात आक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि त्यांना लख्ख दिसायला लागलं. काल दुपारी त्यांनी गोंड्याला हाक मारली, तीन वर्षांत पहिल्यांदा मांडीवर घेतलं, आणि त्याच्या कानाची कड बोटानं धरून उजेडात बघितली. नखाएवढी खाच आहे तिथं. मी पुढं झाले तसा गोंड्या अंग चोरून त्यांच्या पदरात शिरला. तो माझ्या बाबतीत कायम तसाच करतो.

आक्कांनी ते बघितलं. "माझ्या हातामुळं तुझ्या बी हाताला भ्यालंय बघ ते," त्या म्हणाल्या. "लई वंगाळ झालं माझ्याकडनं, सुमन. तू कधी एका शब्दानं बोलली न्हाईस."

मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "जाऊ द्या आक्का. म्या कवाच इसरले ते."

मग त्यांच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली. मीच घालते रोज. त्यांनी मान मागं टाकली, मी पापणी वर धरली. थेंब पडेपर्यंत त्या सरळ माझ्याकडं बघत होत्या.