हरिभाऊंचं पन्नासावं रक्तदान

हरिश्चंद्र पिलणकर, म्हणजे हरिभाऊ, यांना रक्त द्यायला मनापासून आवडे. पण गुपचूप नव्हे. रत्नागिरीत कारकुनी करता करता त्यांनी एकोणपन्नास वेळा रक्त दिलं आणि एकदाही फोटोवाल्यावरची नजर हलू दिली नाही. मालगुंडच्या धाकट्या बहिणीने, सावित्रीने, एकदा "मीपण येऊ?" म्हणून विचारलं, तर "बायकांच्या अंगात रक्त असतं कुठे?" म्हणत तिला उडवून लावलं.

एकोणपन्नासाव्या खेपेला रक्तपेढीला काहीतरी वेगळं दिसलं. नमुना मुंबईला गेला. नेहमीच्या तपासणीत नुसता गट कळतो. तिथे थेट जनुकंच वाचली. हरिभाऊ ओ पॉझिटिव्हच निघाले, पण बाकी सगळ्यांच्या रक्तात असणारा एक घटक त्यांच्यात नव्हता. असलं काही आईबापांकडून येतं, म्हणून सावित्रीलाही तपासलं. तीही तशीच निघाली.

"काका, असं रक्त लाखात एखाद्याचं," रक्तपेढीच्या डॉक्टर अक्षया म्हणाल्या. "आता शिबिरात देऊ नका. तसाच पेशंट आला की आम्ही बोलावू."

लाखात एक, हे हरिभाऊंनी अख्ख्या आळीला ऐकवलं. शिबिरात देऊ नका, हे सोयीने गिळलं. पन्नासाव्याचा सत्कार ठरला होता, मंडप उभा राहिला होता! रविवारी दुसऱ्याच रक्तपेढीच्या शिबिरात त्यांनी हसतमुखाने हात पुढे केला.

गुरुवारी डॉक्टर अक्षयांचा फोन आला. हर्णै गावची मैना नावाची एक बाई बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं आणि तिच्याही रक्तात नेमका तोच घटक नव्हता. "काका, लगेच या."

हरिभाऊ फोनवरच ओरडले. "रविवारी दिलं हो मी!"

ती पिशवी शोधली, तर मंगळवारीच एका हर्नियाच्या पेशंटला चढवलेली. त्याला कुणाचंही साधं ओ पॉझिटिव्ह चाललं असतं. हरिभाऊंना आता तीन महिने देता येणार नव्हतं.

मग सावित्रीला फोन गेला. चुलीवरचा भात तसाच टाकून ती रिक्षाने आली, रक्तपेढीत रक्त दिलं आणि तिथल्याच बाकावर चहा पीत बसली. तिथे येऊन पोचलेल्या हरिभाऊंना लाज वाटली. खरंच वाटली, चांगली दहा मिनिटं. मग ते तिच्या शेजारी येऊन टेकले.

"पेपरवाल्याला बोलावलंय. आपण दोघं भावंडं एकत्र. पदर नीट घे."

"फोटो ऱ्हाऊदे, दादा. ती बाळंतीण कशी हाय, ता सांग आदी."

 मैनाचं नाव, गाव, वय सगळं हरिभाऊंनी पेपरवाल्याला सांगितलं होतं. ती वाचली का, हे विचारायचंच राहिलं होतं.