आकडा विचारायचा नसतो

अमेरिकेत पिस्कॅटवेला युनिव्हर्सिटीच्या बसस्टॉपजवळच्या एका घरात आम्ही तिघी राहायचो. मी नागपूरची, एक ल्योंहून आलेली फ्रेंच मुलगी आणि एक ओहायोची अमेरिकन. तिघी मास्टर्स करत होतो. त्या दोघींचं पैशावरून सारखं वाजायचं आणि मी मधे बसून वरणभात खायची.

अमेरिकन मुलीने पहिल्याच दिवशी, माझ्या बॅगा दारात असताना, आपल्या डोक्यावर किती लोन आहे ते सांगून टाकलं. आपण उंची सांगतो तसं. मग विचारलं, "तुझं किती?" मी गडबडले. आमच्याकडे कर्ज म्हटलं की आवाज आपोआप खाली जातो. हिचे वडील दातांचे डॉक्टर, आणि ही कॅम्पसच्या मेसमध्ये भांडी घासून स्वतःचा खर्च भागवायची. "बाबांचे पैसे बाबांचे," म्हणायची. तिच्या कप्प्यातलं दूध मी चहात घातलं की संध्याकाळच्या आत फोनवर त्याचे पैसे मागणारा मेसेज आलेला असायचा, खाली हसरा चेहरा. मला वाटलं, हिला माझा राग आलाय. तसं काही नव्हतं. त्याच शनिवारी ती मला गाडीने इंडियन ग्रोसरीत घेऊन गेली आणि तासभर माझ्याबरोबर जाडे पोहे शोधत फिरली.

फ्रेंच मुलीचं उलट. पैशाचा विषय निघाला की तिचं तोंड असं व्हायचं, जसं काही जेवताना कोणी पोटाच्या तक्रारी काढल्या. अमेरिकन मुलीने एकदा तिला सहज विचारलं, "तुझे बाबा किती कमावतात?" तिने काटा खाली ठेवला. "हे माझ्या आईलासुद्धा नक्की माहीत नसेल," ती म्हणाली. चीज मात्र महागातलं आणायची आणि सगळ्यांना वाढायची. तिकडे युनिव्हर्सिटीची फी आपल्याकडच्या स्कूलबसच्या फीएवढी, असं तिच्या सांगण्यावरून वाटायचं. इथला खर्चही तिला कुठल्याशा स्कॉलरशिपमधून मिळत होता. शिकण्यासाठी कर्ज काढायचं हे तिच्या डोक्यातच शिरत नसे. "उद्या पाणी प्यायलाही काढाल," ती म्हणायची. अमेरिकन मुलगी खांदे उडवायची.

दोघी मला पंच करायच्या. मी काय सांगणार? आम्ही दुसऱ्याच्या पैशाबाबत अमेरिकन आणि स्वतःच्या पैशाबाबत फ्रेंच. माझी काकू नवऱ्यामुलाचं पॅकेज, शेजारच्यांच्या फ्लॅटचा भाव, सगळं तोंडावर विचारते. पण स्वतःच्या बापाला पगार विचारायचा नसतो. मी पंचवीस वर्षांची होते आणि बाबांचा पगार मला ठाऊक नव्हता. "तू फक्त शिक, पैशाचं आम्ही बघू," हे वाक्य ऐकत मोठी झाले. ते वाक्य मायेचं आहे. त्याला बाहेर पडायला दार नाही, हे मला अमेरिकेत येऊन कळलं.

कारण मला परत जायचं होतं. पहिल्या दोन महिन्यांतच कळलं होतं की हा विषय आपला नाही. दिवसभर स्क्रीनवरच्या डेटात दुसऱ्यांच्या ग्राहकांचे कल शोधायचे, आणि नोकरी लागल्यावरही तेच करायचं. नागपूरला एका छोट्या ऑफिसात मी घरांचे नकाशे काढायची, ते काम मला आवडायचं. ते सोडून आले, कारण माझ्या बॅचचे सगळे जात होते. बरं, नापास झाले असते तरी सुटले असते. मी पास होत होते. सकाळी स्टॉपवर एक बस सोडून द्यायची आणि तरी पुढच्या बसमध्ये चढायची.

डिसेंबरमध्ये फ्रेंच मुलीने जाहीर केलं, "मी घरी चाललेय. मला आवडत नाही इथे." एवढंच. तिने घरी फोनवर सांगितलं, तर तिची आई म्हणाली, ख्रिसमसला येतेच आहेस तर मग राहा. मला तिचा इतका राग आला की मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. बिचारी समजली, मला तिच्या जाण्याचं वाईट वाटतंय. जाताना मला मिठी मारून म्हणाली, "तूही जा ना. शेवटी पैसेच आहेत."

मी अमेरिकन मुलीजवळ रडले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "परत गेलीस तर किती बुडतील?"

अर्ध्याचं सांगता येत होतं, ते बँकेचं कर्ज माझ्याच नावावर होतं. उरलेले बाबांनी कुठून आणले, मला माहीत नव्हतं.

"मग विचार त्यांना," ती म्हणाली. "आकडा कळला की ठरवता येतं. न कळलेल्या आकड्यालाच माणूस घाबरतो."

मला पटलं. तिच्या घरात ते खरंही असेल.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ, आई मागे मेथी निवडत होती. मी पाठ केल्यासारखं विचारलं, "बाबा, माझ्या फीचे बाकीचे पैसे तुम्ही कुठून आणले? सगळे मिळून किती झाले?"

आईचे हात थांबले. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काहून विचारून राहिली?" ते म्हणाले. "कोणी काही बोललं का तुले?"

"नाही बाबा. सहज."

"कमी पडून राहिले का?"

"नाही हो."

"बरं," ते म्हणाले. "जेवली का?"

पुढचं वाक्य, परत यायचंय हे, माझ्या तोंडात तयार होतं. पण मी आधीच काहीतरी फार वाईट बोलून बसले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी म्हटलं, जेवले. अजून आंघोळही झाली नव्हती.

जानेवारीत फी भरायच्या आधी माझ्या खात्यात पैसे आले. दुसऱ्या सेमिस्टरला पुरून उरतील एवढे. मी घाबरून फोन लावला. बाबा खुशीत होते.

"पोचले ना? हिंगण्याकडचा प्लॉट काढून टाकला. नाहीतरी कटकटच होती."

त्या प्लॉटवर रिटायर झाल्यावर घर बांधायचं होतं त्यांना. आईने कुंपणाला लागून लिंबू लावलं होतं आणि दर रविवारी दोघं स्कूटरवर पाण्याच्या कॅन घेऊन जायचे. घराचा नकाशा मीच काढून दिला होता.

"बाबा, मी पैसे मागितले नव्हते," मी म्हटलं.

"माहीत आहे न," बाबा हसले. "तू कशाची मागते. लहानपणापासून तशीच. पण हे पाहा, असं आडून आडून विचारत नको जाऊ. लागले की सरळ मागायचे. बाप आहे मी तुझा."

आई मागून म्हणाली, "आता निवांत शिक, बेटा."

मी म्हटलं, "हो."

"तिकडे बर्फ पडला म्हणते," बाबा म्हणाले. "दाखव बरं."

मी फोन खिडकीकडे वळवला, आणि माझा चेहरा नीट होईपर्यंत त्यांना बर्फ दाखवत राहिले.