तिसरं बटण

शिंपीकाका शब्दाचे पक्के. गिऱ्हाइकाला फुकटचा हेलपाटा पडला, तर त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

एका सकाळी काका दुकानाकडे जात असताना वळणावर ट्रकने एका सायकलवाल्याला उडवलं. माणसं कोंडाळं करून नुसती उभी.

"बघताय काय? गाडी थांबवा कुणीतरी!" काका खेकसले आणि पिशवीतली कात्री काढून त्याचा रक्ताळलेला शर्ट कापू लागले. कापता कापता हात थबकला. शिलाई त्यांचीच होती. तिसरं बटण निळ्या दोऱ्याचं. पांढरा दोरा संपला म्हणून काल संध्याकाळी त्यांनीच लावलेलं.

दवाखान्याच्या दारातच माणूस गेला. नर्सने चेहरा पुसला, तर तो पोस्टमन!

काका धापा टाकत दुकानात आले. पोस्टमनचा शर्ट खुंटीवरच होता. कोरा, निळ्या दोऱ्याच्या बटणासकट. आता बोला!

संध्याकाळी सायकलची घंटी वाजली आणि पोस्टमन हसत आत आला. "काका, झाला का शर्ट?"

काका खुंटीच्या आड येऊन उभे राहिले. "नाही. उद्या या."

आता पोस्टमनचे केस पिकलेत. तरी तो येतो आणि तोंडसुख घेतो, "तुमच्यासारखा थापाड्या उभ्या गावात नाही!"

पण काका थाप मारत नाहीत. काम अर्धवट टाकून त्यांना झोप येत नाही, म्हणून रात्री ते बटण लावतात. आणि घंटी ऐकू आली की घाईघाईने उसवतात.

हल्ली काकांना जरा कमी ऐकू येतं.