न भाजलेला वाफा

सासूबाईंची वांग्याची रोपं माझ्यामुळे मेली. दोष मातीचा नव्हता, त्यांच्या हाताचाही नव्हता. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. तिथले सर एक बुरशी वाढवत. झाडाच्या मुळांना गाठी आणणारे मातीतले बारीक कृमी ती आपल्या धाग्यांच्या फासात पकडते आणि खाते. सूक्ष्मदर्शकाखाली तो फास आवळताना पाहिला आणि मला दुसरं काही सुचेना.

सासूबाई सोनिवलीला रोपं करत. पार खरवईचे लोकही त्यांच्याकडून नेत. पेरणीआधी वाफ्यावर शेणी-पाला रचून त्या राब जाळत; त्या आचेने मातीतले कृमी मरत. मी त्यांना म्हणालो, "मामी, यंदा जाळू नका. माझी बुरशी मरेल."

पोटच्या मुलाला त्यांनी उडवून लावलं असतं. पण जावयाला नाही कसं म्हणायचं? "बरं, तुम्ही म्हणता तर."

शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काय गं, जावयाने काड्यापेटी लपवली काय?"

शिजवलेल्या ज्वारीवर बुरशी वाढवलेल्या चार बाटल्या सरांनी दिल्या. थंड जागी ठेव, असं बजावलं. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या आमच्या खोलीत पत्र्याखालच्या माळ्यावर त्या ठेवून मी एका लग्नाला गेलो. ऐन मे महिना. चार दिवसांनी बाटलीच्या तोंडाचा कापसाचा बोळा काढला तर आंबूस वास आला. बुरशी मेली होती. सरांना सांगायची लाज वाटली, सासुरवाडीत माघार घ्यायची त्याहून जास्त. ती ज्वारी मी तशीच वाफ्यात मिसळली.

रोपं पिवळी पडली. उपटली तर मुळांना गाठीच गाठी.

"माझ्या हाताला यश राहिलं नाही," मामी म्हणाल्या.

"माती थकली असेल," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी त्यांनी वाफा केलाच नाही. बुरशी जिवंत असती तर रोपं वाचली असती का, हे मी आजही सांगू शकत नाही. तो प्रयोग झालाच नव्हता.

सात-आठ वर्षांनी माझ्या मुलीने कुंडी आणली आणि आजीच्या हातात वांग्याचं बी ठेवलं. मामींनी हात मागे घेतला. "माझ्या हातून नको गं बाय, उगवायचं नाही."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. "मामी, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. बुरशी बाटलीतच मेली होती. मला कळलं होतं, तरी मी ती वाफ्यात टाकली, आणि वर मातीला दोष दिला. मला माफ करा."