पुस्तकात अडकलेले देव

एका पुस्तकापायी किती किस्से व्हावेत! मला अक्षर येत नाय, पण त्या पुस्तकाचं ओझं माझ्याच पाठीवर. कुठं लग्नात टेकले की बाया म्हणतात, "आजी, पुस्तकाचं सांगा." एक सांगेपर्यंत दुसरा घडलेला असतो!

मी धवलारीण. आमच्याकडे लग्नात धवला गातात. देवांना नावं घेऊन मांडवात बोलावतात, नि कार्य उरकलं की निरोपाचं गाणं म्हणून परत पाठवतात. पेणच्या खाडीकडं आमचं घर. तिथं एकदा पुण्याचे सर आले, गाण्यांचा इतिहास लिहिणारे. मशीन लावलं. मी बोलावणं गायले. देव आले तर बरंच! पण निरोपाशी मी थबकले. मांडव नाय, नवरानवरी नाय, निरोप कोणाला द्यायचा? देव्हाऱ्यातले आमचेच देव उठून चालू लागले तर?

सर म्हणाले, "पुढे?"

"पुढं काय नाय. संपलं."

"नक्की?"

"चहा घ्या!"

*

पुस्तक निघालं. जाडजूड, आत माझा फोटो, केस काळेभोर. मग बऱ्याच वर्षांनी रोह्याकडचे एक प्रोफेसर पेढे घेऊन आले.

"आजी, तुमच्या गाण्यात देवांना निरोपच नाही! देव जोडप्यापाशी कायमचे राहतात. केवढा खोल विचार! मी यावर पेपर वाचला."

सुनेनं पदर तोंडात कोंबला. मी म्हटलं, "व्हय, लई खोल. आमचं आम्हालाच दिसलं नाय!"

हसले खरी, पण माझ्या वाटचा पेढा सुनेलाच दिला.

*

त्यांचा पेपर वाचून एक मुलगी आली, पीएचडीवाली. तिचा सवाल एकच, गाणं मध्येच का थांबतं? म्हटलं, आता खरं सांगून मोकळं व्हावं. सांगितलं, निरोप हाय, मीच गायला नाय.

ती गोड हसली. "आजी, वयानं गल्लत होते हो." पुस्तक उघडून तिनं फोटोवर बोट ठेवलं. "हे बघा, या बाईंनी स्वतः सांगितलंय सरांना!"

"मग त्या बाईलाच विचार गो. मी कोण?"

*

इथवर ठीक होतं. पण रोह्याजवळच्या अष्टमी गावची मंदा, माझ्या बहिणीची सून! धाटावला कंपनीत पॅकिंगला जाते, शिफ्ट नसेल तेव्हा धवला गाते. शिकली कशावर? पुस्तकाच्या झेरॉक्सवर! प्लास्टिकात घालून ठेवलीय. एका लग्नात ती गात होती, मी पाहुणी. बोलावणं असं गायली की माझ्या अंगावर काटा आला. नि थांबली. लोक जेवायला उठले.

मी कोपरानं ढोसलं. "मंदे, देवांना निरोप दे गो!"

"मावशी, पान संपलं."

"अगो, मी सांगते ना, हाय पुढं!"

"छापील हाय ते, मावशी. रोह्यापासून पेणपर्यंत आम्ही सगळ्या असंच गातो."

सगळ्या! परतताना कुंडलिका नदीच्या पुलावर रिक्षात मी बोटांवर लग्नं मोजत बसले. म्हणजे हॉलाहॉलात देव बोलावलेले, नि तसेच बसलेले. माझ्या एका चहापायी! मुलाला सांगितलं तर म्हणतो, "आये, आपल्या रामवाडीच्या हॉलात एसी हाय. आरामात असतील!"

त्याला हसू, मला घोर. माझ्या वेळच्या बाकी सगळ्या गेल्या, निरोप येणारी आता मी एकटीच. उद्या मी गेले, की कोण पाठवणार त्यांना?

*

नातीला म्हटलं, लाव सरांना फोन. आता थकलेत ते.

"सर, मी तुम्हाला फसवलं. निरोप होता."

सर म्हणाले, "वाटलंच होतं. चहा फार घाईनं आला होता."

"मग लिवलं का नाय?"

"तुम्ही संपलं म्हणालात. गाणं तुमचं. मी कसं म्हणू, संपलं नाही?"

माझाच राग मला आला. म्हटलं, "नातीचं लगीन हाय, रामवाडीला. या. पुरं ऐकवते."

*

आले सर, काठी टेकत. पीएचडीवालीलाही बोलावलं होतं. मंदाला शेजारी बसवलं नि झेरॉक्स मांडीखाली ठेवायला लावली. कार्य उरकलं, मी निरोप सुरू केला. पीएचडीवालीनं मोबाईल उंच धरला. मंदा चाचपडत माझ्यामागून ओळ उचलायला लागली. नातीच्या मांडवातले देव पाठवले, पण थांबवेना. मग अष्टमीचे पाठवले, धाटावचे पाठवले, मंदानं बोलावलेले, तिच्यासारख्या सगळ्यांनी बोलावलेले. एकेकाचं नाव घेऊन.

सर उठले. कुणी हात धरायला गेलं, तो त्यांनी सोडवून घेतला. हॉलाचं काचेचं दार ढकललं नि पाठ लावून उघडं धरून उभे राहिले. बाहेरचं ऊन नि हायवेचा आवाज आत शिरला.

मॅनेजर धावत आला. "ओ काका, दार लावा! एसी चालू हाय!"

सर म्हणाले, "जरा थांबा. अजून सगळे गेले नाहीत."