जिन्यावर थांबणारी माणसं

माझा धाकटा भाऊ शिंपी आहे. मापात अर्ध्या बोटाचा फरकही त्याला खपत नाही. पण स्वतःच्या दमाचं माप मात्र एकेचाळीस वर्षं चुकत आलं होतं.

त्याच्या हृदयाची रचना जन्मतःच उलटसुलट. लहानपणी दोन शस्त्रक्रिया झाल्या, त्यावर त्याने गाडी रेटत आणली. आता ते हृदय थकू लागलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मधुमेहाची एक गोळी इतरांच्या थकलेल्या हृदयाला उपयोगी पडते. जन्मापासून दोष असलेल्यांना पडते का, हे कुणालाच माहीत नाही, म्हणून चाचणी. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कोणती, ते डॉक्टरांनाही कळणार नाही.

"मला साखर नाही, तरी साखरेची गोळी. तीही कदाचित खोटी," भाऊ म्हणाला. "गिऱ्हाइकाला असा सदरा दिला तर मार खाईन."

पण त्याला ती हवी होती. मुलगी सात वर्षांची आहे. ती उंच होत जाईल तसे तिचे कपडे त्यालाच शिवायचे आहेत.

धाप लागत असेल तरच चाचणीत घेणार होते. भावाने फॉर्मवर ऐटीत सगळीकडे 'नाही'वर खूण केली. नर्सबाई म्हणाल्या, "मग तुम्ही यात बसत नाही."

माझं डोकं फिरलं. "अरे, दर चार पायऱ्यांवर थांबतोस, ते काय भिंतीचा रंग बघायला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "सगळेच थांबतात ना, ताई?"

तो थांबला की आई पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. बाबा चष्मा पुसायचे. मी चपलेचा पट्टा नीट करायचे. त्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही इतकं झकास नाटक वठवलं, की न थांबताही जिना चढता येतो हे त्याला कधी कळलंच नाही. मला रडू आलं, आणि स्वतःचाच राग आला.

नर्सबाईंनी कोरा फॉर्म दिला. आता प्रत्येक प्रश्नाला तो मला विचारायचा, "तुला असं होतं?" मी 'नाही' म्हटलं की विचारात पडून 'हो'वर खूण करायचा. मग त्यांनी त्याला सहा मिनिटं चालवून पाहिलं आणि चाचणीत घेतलं.

"चांगलंच बनवलंत मला सगळ्यांनी," तो घरी येताना म्हणाला. रागावला नव्हता, हे माझं नशीब.

याला चार महिने झाले. गोळी खरी की खोटी, ते अजून वर्षभर कळायचं नाही. गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो तर लिफ्ट बंद. चौथ्या पायरीवर मी सवयीने थांबले, चपलेशी वाकले. वर पाहिलं तर भाऊ आठव्या पायरीवर कठडा धरून उभा, धापा टाकत, पण खुशीत.

"काय गं, दमलीस?"

"नाही," मी म्हणाले. "तुझ्यासाठी थांबले होते."

"मग चल की," तो म्हणाला आणि नववी पायरी चढला.