मामंजींची आंघोळ

लातूर जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत माणसं लागायला लागली, त्यात ह्यांची नांदेडहून बदली झाली. बदली नवऱ्याची, पण सामान बांधलं सगळ्या घराचं. आम्ही दोघं, दोन मुली, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामंजी.

नांदेडला आम्ही अकरा वर्षं राहिलो होतो. नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर. मामंजी रोज सकाळी गंगेवर जायचे. तिकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. आंघोळ करून, ओला पंचा डोक्यावर टाकून परत यायचे, कपाळाला भस्म लावायचे आणि गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचे. आंघोळीशिवाय पूजा नाही आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घास नाही. तापानं फणफणले असले तरी हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता.

लातुरात आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. पावसानं त्या भागाकडं पाठ फिरवून दुसरं वर्ष होतं. नळ आठ दिवसांतून एकदा यायचा, तोही तासभर. मधे कधी टँकर आला तर रांगेत भांडून दोन घागरी मिळायच्या. गल्लीच्या तोंडाला हापसा होता, पण तो नुसता खडखड वाजायचा. खोलीच्या कोपऱ्यात आम्ही एक पत्र्याचा ड्रम ठेवला होता. त्यावर झाकण आणि झाकणावर जड पाटा. सहा माणसांचं पिणं, स्वयंपाक, भांडी, सगळं त्या ड्रमात.

मामंजींचा विसरभोळेपणा नांदेडलाच सुरू झाला होता. लातुरात आल्यावर तो वाढतच गेला. ओळखीची नदी नाही, ओळखीचा रस्ता नाही, ओट्यावर बसणारे सोबती नाहीत. दिवसभर ते बाजेवर बसून दाराकडं बघत राहायचे. एकदा त्यांनी मला हळूच जवळ बोलावलं आणि आत्याबाईंकडं बोट दाखवून विचारलं, "सूनबाई, त्या पाव्हण्या बाईंना जेवायला वाढलं का? लई दिवस राहून राहिल्या."

आत्याबाईंनी ऐकलं. त्या भाकरी थापत होत्या. "पाव्हणी कशाची? पन्नास वर्षं झाली तुमच्या चुलीफुडं बसून. अजून वळख न्हाई?"

मामंजी बिचारे ओशाळले. डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाले, "हाव का? मग बसा, बसा."

मुली पोट धरून हसल्या. मीही हसले. आत्याबाईही हसल्या, पण त्यांनी पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला.

आंघोळीचं मात्र हसण्यावारी नेता येईना. सकाळी मी त्यांना अर्धी बादली पाणी द्यायचे. आंघोळ, पूजा, न्याहारी होऊन तास झाला की ते पुन्हा पंचा घेऊन उभे राहायचे. "पाणी काढ गं. आंघोळ राहिली माझी."

"झाली की मामंजी. आत्ताच नाही का केली?"

"झाली?"

"झाली."

ते मान हलवून बसायचे. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचे, आणि तोवर माझा शब्दही खराच होता.

मग एके दुपारी मी मुलीला घेऊन दवाखान्यात गेले होते आणि आत्याबाईंचा डोळा लागला होता. मी परत आले तर उंबऱ्याखालून पाण्याचा ओघळ बाहेर आलेला. पाटा बाजूला, झाकण बाजूला, आणि मामंजी खोलीच्या मधोमध उभे राहून तांब्यामागून तांब्या डोक्यावर ओतत होते. तोंडानं नमः शिवाय चाललेलं. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा मोकळा दिसत होता. ड्रममध्ये तळाला दोन तांबे पाणी उरलं होतं आणि नळ यायला अजून सहा दिवस होते.

मी त्यांच्यावर ओरडले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर वर मान करून बोलले नव्हते. त्या दिवशी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. ते थरथरत उभे होते, अंगावरून पाणी निथळत होतं. मी कशासाठी ओरडतेय हेच त्यांना कळत नव्हतं. फरशीवरचं पाणी मी फडक्यानं टिपून बादलीत पिळलं. त्यानं दोन दिवस भांडी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंचा घेऊन उभे राहिले. शेजारणीकडून मागून आणलेली एक कळशी घरात होती. मी म्हणाले, "झाली तुमची आंघोळ, मामंजी."

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "मग केस कोरडे कसे?"

"ऊन काय कमी आहे का? लगेच वाळले."

ते पूजेला बसले. मी स्वयंपाकघरात आले आणि चुलीपुढं तशीच बसून राहिले. आत्याबाई निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "उद्या जरा पंचा भिजवून ठीव. हात लावतेत ते."

तेव्हापासून तसंच चालू झालं. मी सकाळी ओल्या पंच्यानं त्यांचं तोंड, मान पुसून घ्यायचे, केसांना पाण्याचा हात लावायचे. आत्याबाई तो पंचा त्यांना दिसेल असा दोरीवर टाकायच्या. मग मी म्हणायचे, "चला, आंघोळ झाली. पूजेला बसा." मनाशी म्हणायचे, नळ आला की देऊ आंघोळ. नळ आला की आधी पिण्याचं भरायचं, मग धुणं, आणि तेवढ्यात धार बारीक व्हायची. पंधरा दिवस गेले. त्यांच्या अंगाला वास यायला लागला. काखेत, मांडीत पुरळ उठलं. पूजेत ते लिंग तळहातावर धरून खूप वेळ नुसतं बघत बसायचे. ह्यांनाही सगळं दिसत होतं. कचेरीतून आले की घागरी घेऊन पाणी शोधायला निघायचे.

एका संध्याकाळी मामंजींनी आत्याबाईंना विचारलं. अजूनही ते त्यांना पाव्हणीच समजत होते. "बाई, तुम्ही परक्या. तुम्ही खोटं बोलायच्या न्हाईत. ही पोरगी मला फसवून राहिली का?"

आत्याबाईंनी दोरीवरचा पंचा सारखा केला. "न्हाई वो," त्या म्हणाल्या. "झाली तुमची आंघोळ."

दुसऱ्या दिवशी ह्यांना सुट्टी होती. नऊच्या सुमारास मी आत भाकरी करत होते. बाहेर आले तर बाज रिकामी. दोरीवर पंचा नव्हता, फडताळात तांब्या नव्हता.

आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी बसस्टँडवर एका केळीवाल्यानं सांगितलं, "हाव, एक म्हातारे बाबा आलते. खांद्यावर पंचा, हातात तांब्या. गंगेवर जायचं म्हणत होते." तो आम्हाला कंट्रोलरच्या खिडकीपाशी घेऊन गेला. खिडकीतला माणूस भला होता. म्हणाला, "वाट चुकल्यासारखे दिसले म्हणून मी नाव-गाव विचारलं. गाव सांगितलं. जिल्हा विचारला तर म्हणाले उस्मानाबाद. म्हणून उस्मानाबादच्या गाडीत बसवून दिलं. कंडक्टरला सांगितलं, तिकडं पोचवा म्हणून."

ह्यांनी कपाळाला हात लावला. मामंजींचं गाव औशाच्या पुढचं. त्यांचं सगळं आयुष्य ते गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. नुकतंच ते लातूर जिल्ह्यात आलं होतं, आणि ती नवी पाटी लावणाऱ्या कचेरीतच त्यांचा मुलगा नोकरी करत होता. मामंजींना ही गोष्ट आम्ही दहा वेळा सांगितली असेल. त्यांच्या डोक्यात नवा जिल्हा कधी शिरलाच नाही.

मुलींना आत्याबाईंजवळ ठेवून आम्ही पुढची गाडी धरली. दोन्ही बाजूंना करपलेली रानं, चाऱ्यावाचून हाडं निघालेली जनावरं. हे खिडकीबाहेर बघत होते. अर्ध्या वाटेत एकदम म्हणाले, "किती दिवस झाले होते त्यांना आंघोळ करून?"

मी म्हणाले, "सतरा."

ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. काही बोलले असते तर बरं झालं असतं.

उस्मानाबादला स्टँडवरच्या पोलीस चौकीत कळलं की मामंजी तिथं आले होते. जमादारानं त्यांना चहा पाजला होता. तिथंही त्यांनी आपल्या गावाचंच नाव सांगितलं. त्या बाजूचा एक उतारू भेटला, त्याच्याबरोबर पोलिसांनी त्यांना गावाकडं धाडून दिलं होतं. वाट चुकलेला म्हातारा आपल्या गावी पोचवला, त्यांचं काय चुकलं? पण त्या गावात आमचं कोणी उरलं नव्हतं. घर वीस वर्षांपूर्वी विकलं होतं. मी एस.टी.त बसले आणि माझ्या डोळ्यांपुढं गावाबाहेरची कोरडी विहीर यायला लागली. पाण्याच्या शोधात निघालेला माणूस विहिरीकडंच जाणार. त्या दोन तासांत मी किती देवांना काय काय कबूल केलं, मलाच आठवत नाही.

फाट्यावर उतरून आम्ही जवळजवळ पळतच गाव गाठलं. ऊन उतरलं होतं. आधी विहिरीवर गेलो. कठड्याशी कोणी नव्हतं. ह्यांनी वाकून आत बघितलं, आणि मी दुसरीकडं तोंड फिरवलं. "नाहीत," हे म्हणाले. तिथून आमच्या जुन्या घराकडं वळलो.

मामंजी ओट्यावर बसले होते. अंगात दुसऱ्याच कोणाचा तरी धुतलेला सदरा, केस ओले, कपाळाला भस्म. ते भस्म नव्हतं, चुलीतली राख होती, हे जवळ गेल्यावर दिसलं. तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून बसले होते.

आमचं घर ज्यांनी घेतलं ते गावातलंच पिंजाऱ्याचं कुटुंब. गाद्या पिंजायचा त्यांचा धंदा. घरची बाई दारात उभी होती. मला बघून म्हणाली, "या ताई. बाबा दुपारी आले अन् सरळ न्हाणीत जाऊन बसले. म्हणले, पाणी काढ. आपलंच घर समजून राहिले ना. मग काय करावं? आमच्या मालकांनी घातली आंघोळ. अंग लई खराब झालतं त्यांचं."

मी विचारलं, "पाणी कुठलं?"

"टँकरचं. दोन घागरी होत्या."

"दोन्ही दिल्या?"

"एका घागरीत काय होतंय ताई? साबण निघाला न्हाई अंगाचा."

तिच्या घरात चार लेकरं होती. टँकर पुन्हा केव्हा येईल ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं मला एका शब्दानंही विचारलं नाही की घरी त्यांना आंघोळ का घालत नाही. तिनं विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? तिनं मामंजींसाठी ज्वारीची भाकरी आणि ठेचा नव्या परातीत वाढला होता. "त्यांच्या जातीला आमच्या भांड्यातलं चालतं का न्हाई म्हणून नवी काढली," ती म्हणाली. मामंजींनी सगळं खाल्लं होतं. मी तिचे हात धरले आणि तिच्या ओट्यावर बसून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शेवटच्या गाडीनं आम्ही त्यांना घेऊन लातूरला आलो. आत्याबाई दारातच बसून होत्या. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. मामंजी त्यांच्यासमोर उभे राहिले, नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही अजून इथंच?" त्या उठून आत गेल्या.

त्यानंतर आम्ही काहीही करून एक दिवसाआड त्यांना आंघोळ घालायचं ठरवलं. आत्याबाईंनी आपली आंघोळ आठवड्यावर नेली. घमेल्यात बसवून अर्धी बादली पाणी, आणि खाली साठलेलं संडासाला. पण आता मामंजीच तयार होईनात. मी पाणी काढलं की दाराची चौकट घट्ट धरून ठेवायचे. "झाली माझी आंघोळ. आत्ताच झाली. पाणी कशाला वाया घालवून राहिली?"

"नाही झाली मामंजी. खरंच नाही झाली."

"झाली म्हणलं ना!"

आम्ही दोघं त्यांना धरून न्हाणीत न्यायचो. ते लहान लेकरासारखे रडायचे. त्या वर्षी पाऊस बरा झाला, नळ दिवसाआड यायला लागला, दारात पिंप भरून वाहायला लागलं. तरी त्यांचं तेच. पूजेला मात्र ते रोज बसायचे. दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं आणि संक्रांतीच्या आधी गेले.

ते गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मला लेकीकडं नेऊन घाला." माझी नणंद नांदेडलाच होती. मी त्यांना पोचवायला गेले. दोन दिवस राहिले. निघायच्या दिवशी सकाळी त्या अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. मी धीर करून म्हटलं, "आत्याबाई, माझ्यावर राग आहे का तुमचा?"

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तू तर रोजच खोटं बोलायचीस. मी एकदाच बोलले. पर त्येनी मला ईचारलं ते परकी समजून. घरातल्यांचा भरोसा उरला न्हवता म्हणून."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डब्यात चार भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली, आणि गाडीत खिडकीशी बसू नकोस, ऊन लागतंय, एवढं सांगितलं. त्यानंतर सहा वर्षं त्या जगल्या. आम्ही दर सुट्टीत न्यायला जायचो. त्या परत लातूरला आल्या नाहीत.